बटण एकच, अवस्था चार: पुश-बटण गाडीतले एसीसी आणि ऑन

किल्ली फिरवायच्या गाडीत एक सोय आपोआप मिळायची. किल्ली कुठवर फिरली आहे हे हाताला कळायचं. लॉक (म्हणजेच ऑफ), एसीसी (‘अॅक्सेसरी’चं लघुरूप), ऑन आणि स्टार्ट असे चार टप्पे, आणि प्रत्येक टप्प्यावर वेगळा खटका. पुश-बटणाच्या गाडीत टप्पे तेच आहेत, पण बटण दाबलं की परत जागेवर येतं. ते पाहून किंवा चाचपून गाडी कुठल्या अवस्थेत आहे हे समजत नाही. ते बटणावरच्या दिव्यावरून आणि डॅशबोर्डवरून वाचायला शिकावं लागतं. नवशिक्यांची बॅटरी उतरते, गाडी सुरू होत नाही म्हणून घाबरगुंडी उडते, इंजिन बंद केलं असं समजून लोक गाडी अर्धवट चालू ठेवून निघून जातात, या सगळ्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

पाय कुठे आहे, त्यावर सगळं

पहिला नियम सोपा आहे. ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबलं, की गाडी थेट सुरू होते. गिअरवाल्या गाडीत ब्रेकऐवजी क्लच पूर्ण दाबावा लागतो, आणि काही गाड्यांना दोन्ही लागतात. गाडी त्याआधी ऑफ, एसीसी किंवा ऑन, कशातही असली तरी चालतं. आधी एसीसी, मग ऑन, मग स्टार्ट अशी पायरी-पायरीने चढायची गरज नाही.

पाय पेडलवर नसेल, तर तेच बटण फक्त अवस्था बदलतं. एकदा दाबलं की एसीसी, दुसऱ्यांदा ऑन, तिसऱ्यांदा पुन्हा ऑफ. हे चक्र बहुतेक गाड्यांत असंच चालतं. काही कंपन्यांनी मात्र एसीसी काढूनच टाकलं आहे. तिथे पहिल्याच दाबाला गाडी ऑनमध्ये जाते आणि दुसऱ्याला ऑफ होते. तुमची गाडी यांपैकी कुठली, हे पुस्तिकेत पाहा किंवा खाली दिलेला सराव करून ठरवा.

बटण दाबून धरायचं नसतं. एक छोटा, ठाम दाब पुरतो. सेल्फ किती वेळ मारायचा हे गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो आणि इंजिनने पेट घेतला की तो स्वतःच थांबवतो. पाय मात्र इंजिन चालू होईपर्यंत पेडलवरून काढू नका.

कुठल्या अवस्थेत काय जिवंत असतं

ऑफमध्ये सगळं झोपलेलं असतं, पण मेलेलं नसतं. सेंट्रल लॉक, अलार्म, घड्याळ आणि किल्लीची वाट पाहणारा रिसीव्हर थोडा थोडा करंट घेत राहतात. इमर्जन्सी इंडिकेटर आणि आतला दिवाही चालतो. काही गाड्यांत ऑफ केल्यावर दार उघडेपर्यंत किंवा ठरावीक वेळ काचा वरखाली होतात. ती मुद्दाम दिलेली सवलत आहे, बिघाड नाही.

एसीसी म्हणजे बसल्या-बसल्या लागणाऱ्या गोष्टींपुरती वीज. म्युझिक सिस्टिम, स्क्रीन, बारा व्होल्टचा सॉकेट, यूएसबी आणि काही गाड्यांत आरशांची मोटर एवढंच चालतं. इंजिनचा कॉम्प्युटर, एअरबॅग, वायपर आणि पंखा सहसा बंद असतात. स्टिअरिंगचं लॉक मात्र सुटतं, आणि ही गोष्ट गाडी ढकलताना किंवा ओढून नेताना फार कामाची आहे.

ऑन म्हणजे इंजिन सोडून बाकी सगळं. मीटर जागा होतो, इंधनाचा काटा वर येतो, इशाऱ्याचे दिवे एकदम उजळतात. पेट्रोल गाडीत मागच्या बाजूने दोन-तीन सेकंद बारीक घूंऽऽ असा आवाज येऊन थांबतो. तो इंधनपंप लाइनमध्ये दाब भरत असतो. डिझेल गाडीत याच वेळी ग्लो प्लग (थंड इंजिनला आतून ऊब देणाऱ्या कांड्या) तापतात आणि स्प्रिंगसारख्या चिन्हाचा दिवा लागतो. थंडीत हा दिवा विझेपर्यंत थांबायचा नियम पुश-बटणातही लागू आहे, फरक इतकाच की पेडल दाबून बटण दाबलं तर बहुतेक गाड्या स्वतःच थांबून मग सेल्फ मारतात. तेवढ्यात ‘काहीच होत नाही’ म्हणून पुन्हा बटण दाबू नका.

ऑनमध्ये एसीचा पंखा फिरतो, पण थंड हवा येत नाही. कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर चालतो आणि इंजिन बंद आहे. ‘एसी लावला पण गार होत नाही’ या तक्रारीत अर्ध्या वेळा गाडी फक्त ऑनमध्ये असते.

दहा मिनिटांचा सराव

हे वाचून लक्षात राहत नाही, हाताने करावं लागतं. गाडी मोकळ्या हवेत, सपाटीवर उभी करा, हँडब्रेक ओढा. ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’त (पार्क), गिअरवाली असेल तर न्यूट्रलमध्ये ठेवा. किल्ली खिशात असू द्या.

१. दोन्ही पाय पेडलपासून लांब ठेवा. बटण एकदा दाबा आणि दोन सेकंद थांबा. बटणावर कुठला रंग आला, म्युझिक सिस्टिम लागली का, मीटर काळाच आहे का, ते पाहा. मीटर काळा आणि स्क्रीन चालू असेल तर तुम्ही एसीसीत आहात.

२. आता काच खाली करून पाहा. बहुतेक गाड्यांत होणार नाही. तुमच्या गाडीत झाली तर तसं लक्षात ठेवा.

३. बटण दुसऱ्यांदा दाबा. मीटरवर दिव्यांची दिवाळी होईल. एअरबॅगचा आणि एबीएसचा दिवा काही सेकंदांत विझायला हवा. ऑइलचा आणि बॅटरीचा दिवा बहुतेक गाड्यांत इंजिन सुरू होईपर्यंत लागूनच राहतो, कारण इंजिन फिरत नसताना ना ऑइलचा दाब असतो ना अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनवर फिरणाऱ्या जनित्राची, वीज. इथे एअरबॅगचा दिवा लागलाच नाही, तर आनंद मानू नका. दिवा किंवा त्याची लाइन बिघडलेली असू शकते.

४. तिसऱ्यांदा दाबा. सगळं विझेल. हे ऑफ.

५. आता ब्रेक दाबा, पण बटण दाबू नका. बऱ्याच गाड्यांत बटणावरचा दिवा हिरवा होतो. अर्थ असा, की किल्ली सापडली, पेडल मान्य आहे, आता दाबलंत तर इंजिन लागेल.

६. बटण दाबा. इंजिन लागल्यावर बहुतेक दिवे विझतात. पाय काढून पुन्हा बटण दाबा, इंजिन बंद होईल. गाडी खरोखर ऑफमध्ये गेली की एसीसीत अडकली, ते मीटर, स्क्रीन आणि बटणाचा दिवा तिन्ही पाहून ठरवा.

रंगांचे अर्थ कंपनीगणिक बदलतात. टोयोटात एसीसी आणि ऑन दोन्हींना बटणावर नारिंगी दिवा असतो आणि इंजिन चालू झालं की तो विझतो, म्हणजे नुसता रंग पाहून एसीसी की ऑन हे कळत नाही. दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्यांत रंग वेगळेही असतात. म्हणून बटणापेक्षा मीटरवर विश्वास ठेवा: मीटर काळा तर एसीसी, मीटर उजळला तर ऑन, आरपीएमचा काटा शून्याच्या वर तर इंजिन चालू.

बॅटरीचा हिशेब

इंजिन बंद असताना एसीसी आणि ऑन दोन्ही फक्त बॅटरीवर जगतात, अल्टरनेटर काहीच देत नाही. छोट्या गाडीत साधारण ४५ अँपिअर-तासांची बॅटरी असते. त्यातली निम्मी सेल्फसाठी राखून ठेवली तर खर्चायला उरतात सुमारे २२. एसीसीत म्युझिक आणि स्क्रीन मिळून तीन-चार अँपिअर जात असतील, तर पाचेक तास निघतात. ऑनमध्ये कॉम्प्युटर, मीटर आणि मध्यम वेगाचा पंखा धरून बारा अँपिअर गेले, तर दोन तासही नाहीत. त्यात साधे हॅलोजन हेडलाइट लावले की दोन दिव्यांचे ११० वॅट, म्हणजे आणखी नऊ अँपिअर, आणि तासाभरातच हद्द येते. हे सगळं नव्या, पूर्ण भरलेल्या बॅटरीचं गणित आहे. तीन-चार वर्षं जुनी असेल तर निम्मं धरा, थंडीत त्याहून कमी.

मल्टिमीटर असेल तर अंदाजाची गरज नाही. गाडी काही तास उभी राहिल्यावर बॅटरीच्या टोकांवर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२ च्या खाली गेली तर सेल्फ मारताना दगा देईल. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवं. ते दिसत नसेल तर दोष बॅटरीचा नाही, अल्टरनेटरचा किंवा त्याच्या वायरिंगचा आहे. नव्या गाड्यांत चार्जिंग कॉम्प्युटर सांभाळतो, तिथे आकडा काही वेळ याच्या खालीही दिसू शकतो.

बऱ्याच गाड्या स्वतःच वेळ मोजतात. टोयोटाच्या अनेक गाड्यांत लिव्हर ‘पी’त असेल तर एसीसी वीस मिनिटांनी आणि ऑन तासाभराने आपोआप बंद होतं. गाणी ऐकता ऐकता सिस्टिम बंद पडली, तर बिघाड शोधत बसू नका, ती बॅटरी वाचवते आहे. पण त्या वाक्यातलं ‘लिव्हर पी-त असेल तर’ हे विसरू नका.

बॅटरी उतरवणारी सगळ्यात मोठी चूक

ऑटोमॅटिक गाडी ‘डी’ (ड्राइव्ह) किंवा ‘एन’मध्ये (न्यूट्रल) असताना बटण दाबून इंजिन बंद केलं, तर जुन्या पद्धतीचा लिव्हर असलेल्या बऱ्याच गाड्या ऑफ होतच नाहीत. इंजिन थांबतं, गाडी एसीसीत राहते. आवाज बंद झाला म्हणून चालक उतरतो, गाडी बीप बीप करत राहते, आणि तो ती बीप नेहमीचीच समजून चालायला लागतो. लिव्हर ‘पी’त नसल्याने आपोआप बंद होण्याचं घड्याळही चालत नाही. सकाळी बॅटरी ठार. शिवाय ‘पी’ नसल्याने गिअरबॉक्सची अटकाव-खीळही पडलेली नसते, म्हणजे उतारावर सगळा भार हँडब्रेकवर.

म्हणून बंद करण्याचा क्रम असा ठेवा: ब्रेक दाबून गाडी पूर्ण थांबवा, हँडब्रेक ओढा, ‘पी’ करा, मग बटण. इलेक्ट्रॉनिक गिअर असलेल्या नव्या गाड्या बटण दाबताच स्वतः ‘पी’ लावतात, पण सवय हीच बरी, कारण पुढची गाडी तशी असेलच असं नाही.

चुकून ‘डी’त बंद झालीच, तर ब्रेक दाबून लिव्हर ‘पी’त आणा आणि बटण दाबत ऑफपर्यंत जा. लिव्हर हलत नसेल तर गाडी एसीसीत आहे, आणि लिव्हर ‘पी’त जाऊ द्यायला तिला ऑन हवं आहे. ब्रेक सोडून एकदा बटण दाबा, ऑन आलं की ब्रेक दाबून लिव्हर हलवा.

सिग्नलला आपोआप थांबणाऱ्या इंजिनचा घोटाळाही याच जातीचा. थांबलेलं इंजिन आणि ऑफ गाडी बाहेरून सारखीच वाटते, पण मीटरवर हिरवी ‘ए’ची खूण असते आणि गाडी पूर्ण जागी असते. अशा वेळी बटण न दाबता उतरू नका.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडी

इथे ‘इंजिन लागलं का’ हा प्रश्नच चुकीचा आहे, ‘रेडी’ दिसतंय का हे पाहायचं. ब्रेकसह बटण दाबल्यावर मीटरवर ‘रेडी’ येतं, आवाज काहीच येत नाही, आणि गाडी चालायला तयार असते. पेडल न दाबता नुसत्या बटणाने ऑनपर्यंत आलात तर मीटर तसाच उजळतो, पण ‘रेडी’ नाही. त्या अवस्थेत मोठी बॅटरी तोडलेली असते आणि सगळा भार बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर येतो. गंमत अशी, की मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही ही छोटी उतरली तर गाडी ‘रेडी’ होत नाही, कारण मोठीला जोडणारे रिले (विजेवर चालणारे स्विच) हीच ओढते. म्हणून या गाड्यांत बसून गाणी ऐकायची असतील तर एसीसीपेक्षा ‘रेडी’ बरं. मात्र हायब्रिडमध्ये पेट्रोल इंजिन मधूनच आपोआप सुरू होतं, तेव्हा बंद गॅरेजमध्ये असं कधीही बसू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो, ना त्याला वास असतो.

बटण दाबलं आणि सुरू झालीच नाही

काय झालं त्यापेक्षा काय झालं नाही, ते आधी पाहा.

गाडी एसीसी-ऑन करते पण सेल्फ मारत नाही, तर संशय पेडलवर. चटई पेडलखाली अडकली आहे का पाहा. इंजिन बंद असताना ब्रेक दोन-चारदा दाबला असेल तर पेडल कडक होतं आणि हलक्या पायाने स्विचपर्यंत पोहोचत नाही, जोर लावा. मग कुणाला तरी मागचे ब्रेक-लाइट पाहायला सांगा. पेडल दाबूनही ते लागत नसतील तर ब्रेक स्विच किंवा त्याचा फ्यूज गेला आहे. अशा अडचणीत टोयोटात ‘पी’ लावून, हँडब्रेक ओढून, एसीसी करून, ब्रेक घट्ट दाबून बटण साधारण पंधरा सेकंद धरल्यास इंजिन लागतं. ह्युंदाईत एसीसीमधून दहा सेकंद. हा घरी किंवा गॅरेजपर्यंत पोहोचण्याचा मार्ग आहे. ब्रेक-लाइट नसलेली गाडी तशीच फिरवत राहायची नाही.

किल्ली सापडत नाही असा संदेश येतो, तर रिमोटचा सेल उतरला असण्याची शक्यता जास्त. बहुतेकांत सीआर २०३२ हा तीन व्होल्टचा नाण्यासारखा सेल असतो, पण उघडून आकडा वाचूनच नवा घ्या. सेल पूर्ण मेला तरी गाडी सुरू होते, कारण किल्लीत बिनबॅटरीची एक चिपही असते. ती जवळ आणली की गाडीतल्या कॉइलच्याच शक्तीवर उत्तर देते. किल्ली बटणाला टेकवा किंवा किल्लीनेच बटण दाबा. काही गाड्यांत ती ठेवायची ठरलेली जागा कप-होल्डरजवळ किंवा खणात असते. दार उघडायला रिमोटच्या पोटात लोखंडी किल्ली दडलेली असते. सेल चांगला असूनही संदेश येत असेल तर किल्ली मोबाइलपासून लांब करा, आणि डॅशबोर्डवरून किंवा दाराच्या खणातून काढून खिशात ठेवा.

टक-टक-टक असा भराभर आवाज आणि मंद होणारे दिवे म्हणजे बॅटरी उतरली. दिवे ठणठणीत आणि एकच ‘टक्’, तर सेल्फ किंवा त्याची जोडणी. हिरवा दिवा लुकलुकतो किंवा स्टिअरिंग लॉकचा संदेश येतो, तर पुढची चाकं वळलेली राहून लॉकवर ताण आला आहे. स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे हलवत बटण दाबा, सुटेल.

आणखी एक, जे फार उशिरा कळतं. इंजिन चालू असताना किल्ली गाडीबाहेर गेली तर इंजिन बंद पडत नाही, फक्त गाडी ओरडते. किल्ली ज्याच्या खिशात आहे त्याला वाटेत उतरवून पुढे गेलात, तर गाडी धावेल. पण एकदा बंद केलीत की परत लागणार नाही.

धावत्या गाडीचं इंजिन बंद करायची वेळ आली तर

अॅक्सिलरेटर अडकला आणि गाडी आवरत नाही, तर आधी ब्रेक पूर्ण आणि एकसारखा दाबा, मग न्यूट्रल करा. न्यूट्रल लागत नसेल तरच बटण. चालत्या गाडीत एका दाबाने इंजिन बंद होत नाही, हे मुद्दाम केलेलं आहे, लहान मुलाचा हात लागला तरी अनर्थ होऊ नये म्हणून. सहसा बटण दोन-तीन सेकंद दाबून धरावं लागतं किंवा पटापट तीनदा दाबावं लागतं. इंजिन थांबलं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची मदत एक-दोन दाबांपुरतीच उरते, म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा पंप करू नका, एकदाच दाबून धरा. हे कधीही सराव म्हणून रस्त्यावर करून पाहू नका.

डॅशकॅम किंवा चार्जर जोडताना

इथे या अवस्था खऱ्या कामाला येतात. फ्यूज बॉक्समध्ये तीन प्रकारचे फ्यूज असतात: कायम जिवंत, एसीसीत जिवंत आणि ऑनमध्येच जिवंत. मल्टिमीटरची काळी तार बॉडीच्या रंग नसलेल्या लोखंडाला लावा, लाल तार फ्यूजच्या डोक्यावरच्या उघड्या टोकाला. ऑफमध्ये शून्य आणि एसीसीत बारा दिसले तर तो एसीसीचा. गाडी ऑफ केल्यावर लगेच मोजू नका, काही लाइन दार उघडून बंद होईपर्यंत किंवा काही मिनिटं जिवंत राहतात.

साध्या डॅशकॅमला एसीसीचा फ्यूज पुरतो. सेल्फ मारताना कॅमेरा क्षणभर बंद होऊन पुन्हा लागला तर जोडणी चुकली असं समजू नका. सेल्फला शंभराहून जास्त अँपिअर लागतात, म्हणून त्या एक-दोन सेकंदांत गाडी एसीसी आणि पंख्यासारखे जड भार तोडते. म्युझिकही त्यामुळेच दचकतं. पार्किंगमध्ये रेकॉर्डिंग हवं असेल तर कायम जिवंत लाइनही लागते, पण तेव्हा व्होल्टेज १२ च्या आसपास आलं की कॅमेरा तोडणारं हार्डवायर किटच वापरा. एअरबॅग, एबीएस किंवा इंजिन-कॉम्प्युटर असं लिहिलेल्या फ्यूजमधून काहीही काढायचं नाही. फ्यूज-टॅपमध्ये (फ्यूजच्या जागी बसवून नवी लाइन काढायचा जोड) दोन फ्यूज बसतात: मूळ जेवढ्याचा होता तेवढ्याचाच, आणि कॅमेऱ्यासाठी दोन किंवा तीन अँपिअरचा.